सोमवारी सकाळी श्रीकांत काय करतो?

२०२४ च्या ३ डिसेंबरला आमच्या ऑफिसात सिनेमा दाखवला. ३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन असतो, हे मला त्याच दिवशी सकाळी आलेल्या मेलवरून कळलं. मेलमध्ये निळ्या रंगाचं एक पोस्टर होतं. दुपारी तीन वाजता, मोठी कॉन्फरन्स रूम, 'श्रीकांत', सोबत सामोसे. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मात्र त्या मेलमधून काहीच कळलं नाही. तो जन्मापासून अंध आहे. कॉम्प्युटरवरचा मजकूर त्याला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. पोस्टर हे चित्र होतं, त्यामुळे स्क्रीन रीडरने 'इमेज' एवढं म्हणून हात झटकले. दिव्यांग दिनाचं आमंत्रण आमच्या मजल्यावरच्या एकमेव अंध माणसाला चहाच्या वेळी, माझ्याकडून, तोंडी मिळालं.

"सामोसे आहेत ना?" त्याने विचारलं. "मग येतो."

आम्ही मागच्या रांगेत बसलो. अंध प्रेक्षकांसाठी पडद्यावरचं सांगणारा वेगळा आवाज असू शकतो, ही गोष्ट खोलीतल्या कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. माझ्याही नाही. मग ते काम मीच करायला लागलो, कानात कुजबुजत. हे किती अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. सुरुवातीलाच बाप जमीन खणताना दिसतो. मी म्हणालो, "बाप खड्डा खणतोय." "कशाला?" "बाळाला पुरायला." यावर तो काहीच बोलला नाही. मी पुढची दहा मिनिटं कुजबुजायचं विसरलो.

सिनेमा संपल्यावर टाळ्या झाल्या. दोघातिघांनी डोळे पुसले. एचआरच्या मॅडम आवर्जून मागे आल्या आणि त्याला विचारलं, कसा वाटला? तो म्हणाला, छान होता. त्या समाधानाने गेल्या. बसथांब्याकडे जाताना मात्र त्याने मला विचारलं, "अरे, पण तो ऑफिसात करतो काय? म्हणजे सोमवारी सकाळी गेल्यावर. मेल कशावर वाचतो? सही कुठे करायची ते कोण दाखवतं? मशीन बंद पडलं तर त्याला कसं कळतं? तेवढं सोडून सगळं दाखवलं यांनी."

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय. सिनेमावर मी याआधी कधी लिहिलेलं नाही. मी कोड लिहितो. पण गेलं दीड वर्ष हा प्रश्न घेऊन मी अपंगत्वावरचे जे सिनेमे हाताला लागले ते पाहतोय, आणि मला वाटतं त्याने बसथांब्यावर एका वाक्यात जे सांगितलं, ते आपल्या सिनेमाच्या एका जुन्या खोडीवर नेमकं बोट आहे.

आधी 'श्रीकांत'बद्दल जे चांगलं आहे ते. तुषार हिरानंदानी यांचा हा सिनेमा मे २०२४ मध्ये आला. श्रीकांत बोल्ला हा खरा माणूस. आंध्रातल्या मछलीपट्टणमजवळच्या खेड्यात शेतकरी घरात जन्मला, दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यायला नियम आडवा आला म्हणून थेट कोर्टात गेला आणि जिंकला, पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकला, परत आला आणि २०१२ मध्ये हैदराबादेत कंपनी काढली. सुपारीच्या झावळ्यांपासून ताटल्या, पुठ्ठ्याचं पॅकिंग असली कामं करणारी, आणि अपंग माणसांना मुद्दाम कामावर घेणारी. रतन टाटांनी तिच्यात पैसे गुंतवले. राजकुमार राव ही भूमिका करतो आणि फार चांगली करतो. त्याचा श्रीकांत केविलवाणा नाही. तो चावट आहे, हट्टी आहे. उत्तरार्धात तर त्याच्या डोक्यात हवा जाते आणि ज्यांनी साथ दिली त्यांच्याशीच तो वाईट वागतो. हे मला सगळ्यात आवडलं. हिंदी सिनेमात अंध माणसाला वाईट वागायची परवानगी सहसा नसते. तो एकतर संत असतो, नाहीतर सूड घेत असतो.

पूर्वार्धातला कोर्टाचा भाग सिनेमाचा सर्वोत्तम भाग आहे, आणि तो का चांगला आहे हे समजून घेण्यासारखं आहे. तिथे अडथळा डोळ्यांचा नाही. मुलगा हुशार आहे, शिक्षिकेने पुस्तकं आवाजात रेकॉर्ड करून दिली आहेत, अभ्यास होतो आहे. अडथळा एका नियमाचा आहे, जो कुणीतरी कुठल्यातरी टेबलावर बसून लिहिला. नियम बदलला की रस्ता मोकळा होतो. तेवढ्या वेळापुरता हा सिनेमा आपल्याला सांगतो की अंध असणं आणि अडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी माणसाने केलेली असते.

मग श्रीकांत कंपनी काढतो, आणि सिनेमा हे विसरतो. आता खरं तर सगळ्यात मोठी गोष्ट सुरू व्हायला हवी होती. एक अंध माणूस असा कारखाना उभारतो जिथे न दिसणारी, न ऐकू येणारी, न चालता येणारी माणसं रोज येऊन माल तयार करतात. तो कारखाना चालतो कसा? धोक्याची सूचना बहिऱ्या कामगाराला कशी मिळते? अंध कामगार मशीनजवळ उभा राहतो तेव्हा हात कुठवर न्यायचा हे त्याला कशावरून कळतं? दोन मशीनमधली वाट किती रुंद ठेवली? पाळी बदलताना कोण कुणाला काय सांगतं? याची उत्तरं खऱ्या कारखान्यात कुणीतरी शोधली असणारच, त्याशिवाय माल बाहेर पडत नाही. पण कॅमेरा तिथे फार रेंगाळत नाही. त्याला गुंतवणूकदाराची खोली आवडते, विमानतळ आवडतो, आणि शेवटाकडे व्यासपीठ, माइक आणि भाषण आवडतं. कारखाना हे श्रीकांतच्या जिद्दीचं प्रशस्तिपत्रक होऊन भिंतीवर टांगलं जातं.

मी इंजिनिअर असल्यामुळे मला हे जास्त टोचलं असेल. पण विचार करा, चांद्रयानावर सिनेमा काढला आणि त्यात फक्त शास्त्रज्ञांची जिद्द दाखवली, यान कसं उडतं हे दाखवलंच नाही, तर आपण वैतागू. अपंग माणसाच्या कामाच्या बाबतीत मात्र आपल्याला जिद्द पुरते. 'कसं' हा प्रश्न पडत नाही, कारण त्याचं उत्तर आपण आधीच ठरवलेलं असतं: मनात आणलं की माणूस काहीही करू शकतो. बास.

'हिचकी' (२०१८) आठवा. राणी मुखर्जीच्या नैना माथुरला टुरेट सिंड्रोम आहे. मधेच उचकीसारखा आवाज येतो, मान झटकते, आणि त्यापायी शाळांमागून शाळा तिला नाकारतात. मुलाखतीचे ते प्रसंग चांगले आहेत. समोरचे लोक दुष्ट नाहीत, फक्त अवघडलेले आहेत, आणि अवघडलेल्या माणसांचा नकार किती गुळगुळीत असतो हे नेमकं पकडलंय. पण अखेर नोकरी मिळाल्यावर तिला काय करावं लागतं? शाळेने ओवाळून टाकलेला वर्ग हातात घेऊन चमत्कार करावा लागतो. शेजारच्या वर्गावरच्या धडधाकट शिक्षकाने साधारण बरं शिकवलं तरी त्याची नोकरी शाबूत. नैनाला साधारण असण्याची सोयच नाही. तिने असामान्य व्हायचं, मग तिला सामान्य पगार.

यात एक गंमत म्हणजे 'अंधाधुन'. तोही २०१८ चाच, आणि आपल्या पुण्यात घडणारा. त्यातला अंध पियानोवादक कामावर अगदी सुरळीत जातो, हॉटेलात वाजवतो, कुणाला त्याच्यासाठी काही करावं लागत नाही. कारण त्याला दिसत असतं! अडचण नसलेला अंध कर्मचारी हवा असेल तर तो डोळस असावा लागतो, हे श्रीराम राघवन यांना सांगायचं नसेलही, पण माझ्या सहकाऱ्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता दिग्दर्शकांना नावं ठेवणं बरं दिसणार नाही.

आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी टाइमशीट भरावी लागते. आठवड्यात कुठल्या कामाला किती तास दिले ते एका पानावर लिहायचं आणि खालचं 'सबमिट' दाबायचं. माझा सहकारी तास भरू शकायचा, पण ते सबमिट त्याला सापडायचंच नाही. मग दर शुक्रवारी संध्याकाळी तो शेजाऱ्याला हाक मारायचा. आठ महिने तो शेजारी मी होतो. मी उठायचो, त्याच्या माउसने क्लिक करायचो, बसायचो. पाच सेकंदांचं काम. आणि मला बरं वाटायचं, हे कबूल करतो. शुक्रवारची छोटीशी पुण्याई.

एप्रिलमध्ये अप्रेझल झालं. त्याच्या कागदावर कामाबद्दल सगळं चांगलं लिहिलं होतं, आणि एक वाक्य होतं की स्वतंत्रपणे काम करण्याच्या बाबतीत अजून प्रगतीला वाव आहे. त्याने मॅनेजर सरांना विचारलं, म्हणजे नेमकं कुठे? त्यांनी जी दोन उदाहरणं दिली त्यातलं एक टाइमशीटचं होतं. सर वाईट नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्या रात्री मी टाइमशीटचं कोड उघडून पाहिलं. वेबपानावर बटण दोन प्रकारे करता येतं. एक खरं बटण, जे ब्राउझरला बटण म्हणून माहीत असतं. कीबोर्डची टॅब कळ दाबत गेलं की ते सापडतं, एंटर मारला की दाबलं जातं, स्क्रीन रीडर त्याच्यापाशी आला की 'सबमिट, बटण' असं बोलतो. दुसरा प्रकार म्हणजे एक साधा चौकोन घ्यायचा, त्याला निळा रंग द्यायचा, कोपरे गोल करायचे, आणि त्यावर क्लिक झालं तर काय करायचं ते लिहायचं. दिसायला दोन्ही सारखेच. पण दुसरा बटण नाही, बटणाचं चित्र आहे. टॅब त्याच्यावरून पुढे निघून जाते, जशी आपण पोस्टरवरच्या दाराशी थांबत नाही. आमचं सबमिट दुसऱ्या प्रकारचं होतं. कोडमधली कुठली ओळ कुणी कधी लिहिली हे पाहायची एक सोय असते, तिचं नावच 'ब्लेम' आहे. मी ती चालवली. ओळीपुढे माझं नाव होतं. मी नुकताच कामाला लागलो होतो, डिझाइनमधली सावली खऱ्या बटणाला नीट येईना म्हणून मी चौकोन वापरला होता, आणि माझ्या सीनियरने तो पास केला होता.

दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. त्यातली तीस सावलीला.

म्हणजे हिशेब असा की मी त्याचं बटण काढून घेतलं, मग आठ महिने दर शुक्रवारी ते त्याला उदारपणे दाबून दिलं, आणि त्याबद्दल अप्रेझलमध्ये गुण त्याचे कापले गेले. अप्रेझलमधलं ते वाक्य बदलावं म्हणून मी सरांना मेल केला. प्रक्रिया बंद झाली होती.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, सोय आणि सवलत. एसटीच्या तिकिटात मिळते ती सवलत. देणारा देतो, घेणारा घेतो, देणाऱ्याचा खर्च होतो आणि घेणाऱ्याने कृतज्ञ असावं अशी अपेक्षा असते. सोय म्हणजे व्यवस्था. लग्नाला गेलो तर उतरायची सोय, ऑफिसात चहाची सोय. सोयीबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. नसली तर मात्र यजमानाला नावं ठेवतात. माझा चष्मा उणे साडेचारचा आहे. त्याच्याशिवाय मला समोरचा मॉनिटरही दिसत नाही. पण ऑफिसने मॉनिटर दिला ही मला दिलेली सवलत आहे असं कुणी म्हणत नाही, आणि खोलीत दिवे लावतात ते डोळस लोकांच्या गरजेपोटी, हे तर आपल्या ध्यानातही येत नाही. माझ्या सहकाऱ्याला दिवे लागत नाहीत. तेवढा विजेचा खर्च तो वाचवतो.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने हा फरक कागदावर केलेला आहे. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव झाल्या, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच कायद्यात अशीही कल्पना आहे की माणसाला काम करता यावं म्हणून वाजवी ते फेरबदल करून द्यायचे, आणि ते नाकारणं हा भेदभाव समजायचा. खासगी कंपन्यांनीही समान संधीचं धोरण जाहीर करायचं. आमच्या कंपनीचंही आहे. मी वाचलं. पीडीएफ आहे, स्कॅन करून चिकटवलेली. म्हणजे पुन्हा 'इमेज'.

आमच्या सामोशाच्या दिवसाच्या साधारण महिनाभर आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात एक निकाल दिला. सुगम्यतेच्या बाबतीत सरकारने जे नियम केले होते ते बंधनकारक नसून नुसत्या सूचना ठरतात, आणि हे मूळ कायद्याशी विसंगत आहे, असं न्यायालय म्हणालं. पाळावेच लागतील असे किमान निकष तीन महिन्यांत ठरवा म्हणून सांगितलं. कोड लिहिणाऱ्या वाचकांना हे लगेच कळेल. कंपायलर दोन तऱ्हेने बोलतो. एरर आली की काम थांबतं. वॉर्निंग आली की पिवळी अक्षरं दिसतात, आणि आपण पुढे जातो. माझ्या त्या चौकोनाबद्दलही तपासणीच्या टूलने वॉर्निंग दिलेली असणार.

हे सगळं चालू असताना मी 'स्पर्श' पाहिला. सुचवला अर्थात त्यानेच. त्याने तो लहानपणी शाळेत ऐकला होता. 'पाहिला' असंच म्हणतो तो.

सई परांजपे यांचा हा सिनेमा पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीचा. १९७९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत नसीरुद्दीन शाहला अभिनयाचा आणि सईंना पटकथेचा पुरस्कार मिळाला. आमच्या पिढीला सई म्हणजे 'चश्मे बद्दूर' किंवा 'कथा', म्हणजे हसवणाऱ्या. हा त्यांचा सिनेमा सुरू होतो तेव्हा अनिरुद्ध परमार दिल्लीतल्या अंधशाळेचा मुख्याध्यापक आहे. आहेच. तो तिथवर कसा पोचला, किती ठेचा खाल्ल्या, आईने काय विकलं, यावर सिनेमा वेळ घालवत नाही. जिथे 'श्रीकांत'ची चढण संपते तिथून 'स्पर्श' सुरू होतो. सोमवार सकाळपासून.

आणि मग त्या सोमवारात काय दिसतं? एक माणूस त्याच्या ओळखीच्या जागेत काम करताना. ज्यांना वाचून दाखवायला, गाणी आणि हस्तकला शिकवायला लोक हवेत अशी मुलं आहेत, आणि तशी माणसं शोधणं हा त्याच्या कामाचा भाग आहे. कविता (शबाना आझमी) येते ती अशी. ती विधवा आहे, एकटी आहे, आणि मुलांबद्दल बोलताना बिचारी म्हणून जाते. अनिरुद्ध तिथल्या तिथे हरकत घेतो. त्याचं म्हणणं साधारण असं की मदत हवी आहे, कीव नको. आणि देवाणघेवाण दोन्हीकडून होणार असेल तरच ये. मी हे पाहताना थांबलो आणि मागे जाऊन पुन्हा पाहिलं. शुक्रवारचा मी मला दिसलो.

चित्रीकरण दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत झालं. मुलं तिथलीच, आणि अनिरुद्धची व्यक्तिरेखाही तिथल्या मुख्याध्यापकांवरून सुचलेली. ते पडद्यावर कळतं. मुलं कॅमेऱ्यासाठी चाचपडत नाहीत. खोड्या करतात, एकमेकांवर डाफरतात, नव्या बाईंच्या मागे लागतात. नसीरुद्दीन शाह अंध नाही, आणि आजच्या नजरेने तो आक्षेप घेता येईल, घ्यायलाही हवा. पण त्याने एक गोष्ट केली जी नंतरच्या फार थोड्या नटांना जमली: त्याचा चेहरा कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही.

मात्र 'स्पर्श'ची खरी कमाल पुढे आहे. दोघांचं लग्न ठरतं. मग अनिरुद्धचा सहकारी दुबे (ओम पुरी), तोही अंध, त्याची बायको वारलेली, आपल्या संसाराविषयी असं काही बोलतो की अनिरुद्धच्या मनात किडा शिरतो. कविता आपल्याशी लग्न करतेय की स्वतःच्या दुःखावर त्यागाचं औषध घेतेय? तो लग्न मोडतो. पण तोवर कविता शाळेत पगारी नोकर झालेली आहे. म्हणजे ती उद्या पुन्हा कामावर येणार, आणि साहेब तोच. एक अंध वरिष्ठ, एक डोळस कनिष्ठ, मधे मोडलेलं लग्न, आणि रोजची शाळा. अपंगत्वावरचा दुसरा कुठलाही भारतीय सिनेमा मला आठवत नाही जो या साध्या, कटकटीच्या, घुसमटवणाऱ्या जागेत शिरला. इथे प्रश्न 'जमेल का' हा नाही. जमतंच आहे. प्रश्न आहे की दोन माणसांमधल्या मदतीत कोण वर आणि कोण खाली, आणि हे वर-खाली मोडता येतं का.

माझी एक तक्रार आहे. अनिरुद्धचा सगळा स्वाभिमान पटकथा हळूहळू त्याच्या मनाची गाठ म्हणून दाखवायला लागते. जणू दोष त्याच्या ताठ्याचा, जगाचा फारसा नाही. आणि हे शक्य होतं कारण त्याचं कामाचं ठिकाण अंधशाळा आहे. तिथे सगळी सोय आधीच झालेली. तो जर एखाद्या बँकेत असता, डोळस साहेबाच्या हाताखाली, तर त्याचा ताठा आपल्याला गाठ वाटला असता की गरज? सईंनी जो सोमवार दाखवला तो आतला आहे. बाहेरचा सोमवार, जिथे माझ्यासारखे चौकोन रंगवणारे लोक बसलेत, तो त्यांच्याही सिनेमात नाही.

तो मला सापडला तो पडद्यावर नाही, पुस्तकात. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आमच्या घरी आईच्या कपाटात कायम होतं आणि मी ते 'प्रेरणादायी' समजून कधी उघडलं नव्हतं. ऐन तरुणपणी कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या नसीमादीदी कोल्हापुरात कस्टम आणि सेंट्रल एक्साइज खात्यात नोकरी करत होत्या, आणि १९८४ मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. पुढे सिंधुदुर्गात अपंगांनी चालवलेला काजूप्रक्रियेचा कारखानाही. त्यांच्या आयुष्याला वळण देणाऱ्या माणसाचं नाव बाबूकाका दिवाण. तेही कमरेखाली लुळे. पण ते भेटतात तेव्हा नुसता धीर देत नाहीत. ते स्वतः गाडी चालवतात, हातांनी चालेल अशी करून घेतलेली. मला वाटतं त्या गाडीने जे काम केलं ते शंभर भाषणांनी झालं नसतं. ब्रेक पायाऐवजी हातापाशी आणता येतो, एवढं कळल्यावर पुढचं माणूस आपलं आपण पाहतो. 'श्रीकांत'मध्ये मी जे शोधत होतो ते हे. तो हातातला ब्रेक.

तंत्राच्या जगातही हे बाबूकाका आहेत. माझा सहकारी वापरतो तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी, मायकल करन आणि जेम्स तेह यांनी, सुरू केला. महागडे स्क्रीन रीडर परवडत नव्हते त्यांच्यासाठी, फुकट. आजही तो फुकट आहे, कोड खुलं आहे. त्यावर अजून कुणी सिनेमा काढलेला माझ्या पाहण्यात नाही. दोन मुलं खोलीत बसून टाइप करतायत आणि कॉम्प्युटर यंत्रासारख्या आवाजात बडबडतोय, याला पार्श्वसंगीत काय देणार? तो आवाज माझा सहकारी इतक्या वेगाने ऐकतो की मला पहिल्यांदा तो बिघाड वाटला होता. मी कोडचं एक पान डोळ्यांनी वाचेपर्यंत त्याचं कानांनी वाचून, चूक सापडून, वर मला टोमणा मारूनही झालेला असतो.

पडद्यावर काय दाखवावं यावर न्यायालयही बोललं आहे. जुलै २०२४ मध्ये, 'आंख मिचोली' या सिनेमावरून निपुण मल्होत्रा यांनी लढवलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाच्या चित्रणासाठी काही दिशा आखून दिल्या. अपंगांची टर उडवणारा विनोद आणि अपंगत्वाबद्दलची समज वाढवणारा विनोद यात फरक केला, आणि 'सुपरहिरो' म्हणून ढोल पिटण्याबद्दलही सावध केलं. चांगलंच आहे. पण मला शंका येते की यातून निर्माते शब्द तेवढे सांभाळायला शिकतील. 'अपंग'चं 'दिव्यांग' करायला शिकलो तसे. तो शब्द माझ्या सहकाऱ्याला मुळीच आवडत नाही. त्याचं म्हणणं, दिव्य अंग दिलंत, आता बटण द्या.

तो जूनमध्ये सोडून गेला. अप्रेझलमुळेच असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. टाइमशीट आता त्याला भरता आली असती. बाकीच्या पानांवरचे असले चौकोन मी मोजले, एक्केचाळीस निघाले. प्रत्येकाचं तिकीट केलं. सतरा झालेत. उरलेल्यांना 'कमी महत्त्वाचं' असा शिक्का आहे, कारण, मीटिंगमध्ये एकाने विचारलं तसं, आता ते वापरणारं आहे कोण?

परवा त्याला फोन केला. नव्या ऑफिसात लिफ्ट मजला बोलून सांगते, टाइमशीट चालते, सगळं मस्त आहे म्हणाला. फक्त कॉफीचं मशीन बदललंय. जुन्याला बटणं होती, तिसरं दाबलं की बिनसाखरेची. नव्याला वर काच आहे, सपाट, बोटाला काही लागतच नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, चहावर आलोय. चहा माणूस आणून देतो." थोडं थांबून म्हणाला, "तुमच्याकडे कुठलं आहे रे मशीन?"

मी उठून पाहून आलो. काचेचं होतं.